‘दिलेली कामे वेळेत पूर्ण केली’

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

अप्रेझलसाठी लिहिलेला सेल्फ-रिव्ह्यू तू वाचायला पाठवलास आणि ‘यात अजून काय लिहू?’ असे विचारलेस. मजकूर तीनच ओळींचा आहे आणि त्यातली पहिली ओळ ‘दिलेली कामे वेळेत पूर्ण केली’ अशी आहे. वाक्य खोटे नाही. पण ते तुझ्या टीममधल्या कोणाच्याही फॉर्मवर जसेच्या तसे चालेल, आणि म्हणूनच त्यातून तुझ्याविषयी काहीही कळत नाही.

हे मी अधिकाराने सांगते, कारण असे फॉर्म मीही वर्षानुवर्षे भरले. कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करत असताना आमच्याकडे रात्री एक बॅच, म्हणजे व्यवहार एकगठ्ठा हाताळणारे काम, चालायची आणि ती संपायला इतका वेळ लागायचा, की सकाळी लोक कामावर आले तरी त्यांचे रिपोर्ट तयार नसत. प्रत्येक व्यवहारासाठी प्रोग्रॅम मास्टर फाइल, म्हणजे मुख्य नोंदींची फाइल, पहिल्या रेकॉर्डपासून वाचत होता. मी व्यवहारांची आणि मास्टर अशा दोन्ही फाइली एकाच क्रमाने सॉर्ट केल्या आणि त्या बरोबरीने एकदाच वाचल्या जातील अशी रचना केली. बॅच तासाभराच्या आत संपू लागली. याबद्दल मी कोणाला काही बोलले नाही, कारण काम आपोआप दिसते अशी माझी समजूत होती. दोन वर्षांनी एका मुलाखतीत मला विचारले गेले, ‘आधी किती वेळ लागत होता?’ मी ‘बराच’ म्हणाले. जुने लॉग केव्हाच पुसले गेले होते आणि खरा आकडा मला आजही सांगता येत नाही.

तेव्हा आपल्या कामाचे मोल ठरवताना पहिली अडचण संकोचाची नसते, नोंदीची असते. ‘आधी’चा आकडा बदल करण्यापूर्वीच टिपावा लागतो. आणि तो कशाचा टिपायचा, हेही पाहावे लागते. ॲपलमध्ये ‘लिसा’ संगणकाचे काम चालू असताना, १९८२च्या सुरुवातीला, आठवड्यात कोडच्या किती ओळी लिहिल्या ते प्रत्येकाने फॉर्मवर भरावे असे ठरले. तिथले प्रोग्रॅमर बिल ॲटकिन्सन यांनी नेमका तेव्हा पडद्यावर चित्रे काढणाऱ्या क्विकड्रॉ या प्रोग्रॅममधला एक भाग नव्याने लिहून जवळजवळ सहापट वेगवान केला होता आणि त्यात सुमारे २००० ओळी कमी झाल्या होत्या. त्यांनी फॉर्मवर ‘उणे २०००’ असे लिहून दिले. तुझी बंद झालेली टिकिटे (नोंदवलेली कामे) आणि कमिट (कोडमध्ये जतन केलेले बदल) यांची संख्याही त्या ओळींच्याच जातीची आहे, म्हणून ती मोजत बसू नकोस.

सर्च पेज आठ सेकंद घ्यायचे, हे तू मला फोनवर सांगितले होतेस. डेटाबेसमध्ये एक इंडेक्स (नोंदी चटकन शोधून देणारी सूची) नव्हता. तो घातल्यावर पेज सेकंदाच्या आत उघडू लागले. मग हे तुझ्या तीन ओळींत का नाही? ‘इंडेक्स घालणे ही काय सांगायची गोष्ट आहे,’ असे तू म्हणशील. इंडेक्स घालायला पाच मिनिटे लागली असतील, पण नेमका तोच हवा हे कळायला तू दोन दिवस क्वेरी प्लॅन (डेटाबेस माहिती कशी शोधतो त्याचे आराखडे) वाचत होतीस आणि त्याआधी कित्येक महिने ते पेज सगळ्यांनी तसेच चालवून घेतले होते. शिवाय ऑन-कॉलसाठी, म्हणजे रात्री-अपरात्री बिघाड निस्तरणाऱ्यांसाठी, तू जे टिपण लिहिलेस, त्यामुळे आता रात्री तुला उठवावे लागत नाही. ज्या कामामुळे आपली गरज कमी होते ते आपण विसरतो. माझ्या मते असे काम हीच एखादी व्यक्ती सीनियर झाल्याची सर्वांत भरवशाची खूण आहे.

आपले काम सांगायचे म्हणजे बढाई मारायची, ही भीती मला ठाऊक आहे. त्यावर एक उदाहरण देते. मार्च २०२४ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसचे डेव्हलपर अँड्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले आणि त्याचा माग काढताना फाइली आकाराने लहान करणाऱ्या एक्सझेड या लायब्ररीत लपवलेला बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, सापडला. त्यांनी जाहीर केलेल्या निवेदनात स्वतःची स्तुती नाही. आधी ०.२९९ सेकंद, नंतर ०.८०७ सेकंद असे आकडे आहेत, तपासाच्या पायऱ्या आहेत आणि आपण सुरक्षा-संशोधक नाही अशी कबुलीही आहे. त्या कबुलीमुळे बाकीच्या मजकुरावर विश्वास बसतो. म्हणून जे सहकाऱ्याचे होते ते त्याच्या नावावर लिही. मात्र जे तू एकटीने केलेस तिथे ‘आम्ही’ लिहू नकोस. तुझ्या मजकुरात ‘आम्ही’ दोनदा आला आहे आणि दोन्ही ठिकाणी तो खोटा विनय आहे.

पगाराविषयी थोडेच सांगते. सध्याचा पगार तुझी किंमत सांगत नाही. रुजू होताना तू कशाला होकार दिलास तेवढेच सांगतो. नोकरी बदलायची नसली तरी अधूनमधून बाहेर मुलाखत देऊन पाहा. आणि फॉर्म भरायची वेळ येईपर्यंत वाढीचे आकडे बहुतेक ठिकाणी ठरत आलेले असतात, त्यामुळे मॅनेजरशी बोलणे त्याच्या काही महिने आधी झालेले बरे.

नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव. त्याआधी एक काम आजच कर : सर्च पेजचे जुने आलेख तुमच्या मॉनिटरिंगमध्ये किती दिवस राहतात ते पाहा आणि ते पुसले जाण्यापूर्वी त्या आठ सेकंदांचा स्क्रीनशॉट काढून ठेव.

तुझी,
आई