बैलाचा शब्बाथ

अलिबाग, इस्राएल आळी

चि. रिबेका हिस,
शालोम आणि अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज बारीक झाला होता, तो काही रेंजमुळे नाही. इस्राएलात डिमोनाला तुझ्या शेजारणीने मलिद्याचं ताट बघून विचारलं, "हे आपल्या धर्मग्रंथात, तोरात, कुठे लिहिलंय?" आणि तुला उत्तर सुचलं नाही. मग मलाच विचारलंस, आई, आपल्या बेने इस्राएलांचे सण खरे यहुदी आहेत ना गं? फोनवर सांगत बसले असते तर गॅसवरचं करपलं असतं, म्हणून लिहिते आहे.

मलिद्याचं आधी संपवते. नाही लिहिलेलं. शब्दसुद्धा दर्ग्यावरच्या मलिद्याचाच. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं, आणि संदेष्टा एलियाहू हनाबी याचं नाव, हे सगळं कोकणात जमलं. काही जण त्याचा संबंध तोरातल्या लेवीय पुस्तकातल्या अन्नार्पणाशी जोडतात. मला ते ओढूनताणून वाटतं. पण खाण्याआधी झाडाच्या फळाची बराखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, वेगळी, जमिनीतून आलेल्याची वेगळी, असं आपण म्हणतो की नाही? तोरातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आज्ञा आहे: खा, तृप्त हो, आणि मिळालेल्या चांगल्या भूमीबद्दल परमेश्वराचा धन्यवाद कर. आपल्या वाट्याला भूमी आली ती आपले पूर्वज जिथे किनाऱ्याला लागले त्या नवगावची, म्हणून ताटात खोबरं आलं.

आता शेजारणीला आपल्या सणांची जुनी नावं सांग. हिब्रू नावं आपल्याला मागाहून कळली, कोचीनहून शिकवायला माणसं आली त्यानंतर. त्याआधी आपल्या बायका पेसाहला, मिसरातल्या गुलामीतून सुटकेच्या सणाला, काय म्हणायच्या? अनशी ढाकाचा सण. अनस म्हणजे आंबट कालवणाचं मडकं. ते एरवी चुलीपाशी कायम असायचं, संपत आलं की त्यातच नवं घालायचं. सणाचे आठ दिवस ते झाकून ठेवायचे. मिसर, फारो, समुद्र दुभंगला, यातलं त्यांना किती आठवत होतं कोण जाणे. पुस्तक हाताशी नव्हतं, वाचता येणारं कोणी नव्हतं. पण या दिवसांत घरात आंबलेलं खायचं नाही, एवढं मात्र सासूने सुनेला सांगितलं आणि सुनेने तिच्या सुनेला. तोरातल्या निर्गम पुस्तकातली आज्ञा मडक्याच्या झाकणाखाली टिकली गं. मला तर त्या कथेतल्या समुद्रापेक्षा याचंच जास्त नवल वाटतं.

आणि शनिवार तेली. लहानपणी शाळेत कोणी म्हटलं की तू रडत घरी यायचीस. माझ्या पणजोबांचा घाणा होता. आजी सांगायची, शुक्रवारी ऊन कललं की बैलाच्या डोळ्यांवरची झापडं सोडायची आणि त्याला गोठ्यात बांधायचं. शनिवारी गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं तरी घाणा फिरायचा नाही. दुसरे तेली सोमवारी घाणा बंद ठेवायचे, शंकराचा वार म्हणून. ते सोमवार तेली, आपण शनिवार तेली.

आता तू तोरा काढून बघ. दहा आज्ञा दोनदा आल्या आहेत. निर्गमात शब्बाथचं, म्हणजे शनिवारच्या विसाव्याचं, कारण दिलंय की परमेश्वराने सहा दिवसांत जग घडवलं. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात कारण निराळं आहे: तू मिसरात गुलाम होतास, ते आठव. म्हणून तू काम करू नकोस, तुझ्या दासाने करू नये, दासीने करू नये, तुझ्या बैलाने करू नये. बैलाचं नाव स्पष्ट घेतलंय. हिब्रूत 'शेमा' या प्रार्थनेपलीकडे फारसं काही न येणाऱ्या माझ्या पणजोबांनी ती ओळ न वाचता पाळली. हे सांग तिला, आणि मान वर करून सांग.

योम किप्पूर, उपास करून क्षमा मागायचा दिवस, म्हणजे आपला दारफळणीचा सण. पांढरे कपडे घालून, दारं लावून घरात बसायचं, बाहेरच्याशी बोलायचंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, त्या दिवशी दारं उघडायची, दानधर्म करायचा, एकमेकांकडे जायचं. तुझ्या आजीचं आणि तिच्या जावेचं एका तांब्याच्या घंगाळ्यावरून सहा वर्षं वाकडं होतं. आपले रब्बी, धर्मगुरू, सांगून गेलेत की माणसाने देवाचा अपराध केला तर योम किप्पूरला क्षमा मिळते, माणसाचा केला तर त्या माणसाची समजूत काढेपर्यंत नाही. आजीला हे प्रार्थना चालवणाऱ्या हजाननी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग माझा उपास फुकटच जायचा की." दारं लावायच्या आधी संध्याकाळी ती घंगाळं डोक्यावर घेऊन निघाली. जावेने ते ठेवून घेतलं, चहा विचारला नाही. पण बोलणं सुरू झालं.

बिरड्याच्या सणाचं तुला सांगायला नको, वाल सोलून तुझी नखं काळी व्हायची. यरुशलेमचं मंदिर पडल्याचा दिवस म्हणून जमिनीवर बसून केळीच्या पानावर बिरडं खायचं. शोकाचं अन्न म्हणून बाकीचे यहुदी मसूर खातात, कारण मसुराला तोंड नसतं, तसं दुःखात माणसालाही बोलायला तोंड नसतं, असं म्हणतात. आपल्याकडे पिकतात वाल. वालाला तोंड असतं, मोड तिथूनच तर येतो. असू दे.

पेसाह आठ दिवसांवर आला. बाबांनी १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी हग्गादातल्या, पेसाहच्या पोथीतल्या, चित्राची प्रत काढून आणली आहे. मात्सा, बिनखमिराची भाकरी, करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत! तुझ्या पत्त्यावर एक पाठवते, भिंतीला लाव, शेजारणीला आपोआप दिसेल.

सेदरला, पेसाहच्या रात्रीच्या जेवणाला, यंदा आजी, बाबा आणि मी. 'मा निश्तना' हे त्या रात्रीचे प्रश्न सर्वांत लहान असेल त्याने विचारायचे, म्हणजे सत्तावन्नाव्या वर्षी मलाच विचारायचेत. चष्मा पुसून ठेवलाय. त्या रात्री फोन करू नकोस, सण लागलेला असेल. आदल्या दिवशी कर, आणि चाल एकदा म्हणून दाखव. दुसऱ्या प्रश्नाशी मी नेहमी अडते.

तुझी आई