स्मार्ट कपड्यांचा आराखडा ब्लाउजपासून सुरू व्हावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हृदयाचे ठोके मोजणारी घड्याळे आणि झोपेचा हिशेब ठेवणाऱ्या अंगठ्या यांच्याविषयी आपल्या पुरवण्यांत वरचेवर वाचायला मिळते. त्यांच्या पुढची पायरी म्हणून स्मार्ट कपड्यांचाही, म्हणजे कापडातच सेन्सर आणि वीजवाही धागे असलेल्या कपड्यांचाही, उल्लेख होतो, पण तो बहुधा एखाद्या परदेशी जाकिटाच्या छायाचित्राशी येऊन थांबतो. कापड तपासणीच्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षे घालवल्यामुळे या विषयाची मला थोडी वेगळी बाजू दिसते. वीज वाहून नेणारे कापड जरीच्या रूपाने आपल्या कपाटात पिढ्यानपिढ्या आहे. गाडे अडते ते त्याच्या शिवणीपाशी, धुण्यापाशी आणि अंगाला नीट बसण्यापाशी. म्हणून अशा कपड्याचा आराखडा करताना शिंप्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे, असे माझे म्हणणे आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमध्ये रेहमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी १९९७ च्या सुमारास कापडावरच विद्युतमंडल उभारण्याचे जे प्रयोग केले, त्यांत त्यांनी रेशमी ऑर्गन्झा हे तलम कापड वापरले होते. त्याचे उभे धागे साध्या रेशमाचे होते आणि आडव्या रेशमी धाग्यांवर तांब्याची अगदी पातळ पट्टी गुंडाळलेली होती. असे कापड भारतात निदान शंभर वर्षे विणले जात आहे, ही नोंद त्या संशोधकांनीच करून ठेवली आहे. धातू फक्त बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, असल्यामुळे असे धागे एकमेकांना न टेकता समांतर जातात आणि प्रत्येक धागा वेगळ्या तारेचे काम करू शकतो. ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांतही, धातू असता, तर छेदाच्या प्रत्येक जागी शॉर्टसर्किट झाले असते.

आपल्या बडोद्याच्या शेजारच्या सुरतेची जर, म्हणजे जरीचा धागा, याच जातीची आहे. चांदीची तार ओढून, चपटी करून ती रेशमावर गुंडाळायची आणि वर सोन्याचा मुलामा द्यायचा, ही अस्सल जर. तांब्याच्या तारेवर चांदी चढवली की नकली. आणि पॉलिएस्टरच्या चमकत्या पापुद्र्याची ती प्लॅस्टिकची. मंगळबाजारातून काठाची पट्टी आणून तिच्यातील एकाच धाग्याच्या दोन टोकांना मल्टिमीटरच्या, म्हणजे वीज वाहते का हे तपासणाऱ्या उपकरणाच्या, सुया लावून पाहाव्यात. जरीचा धागा धातूचा असेल तर मीटर शिट्टी देतो. प्लॅस्टिकची असेल तर तो बहुधा गप्प बसतो, कारण चकाकी देणारा ॲल्युमिनियमचा थर लेपाखाली दबलेला असतो. (धातूच्या जरीवरही कधीकधी असा लेप असतो, तो सुईच्या टोकाने किंचित खरवडावा लागतो. शिवाय शिट्टीवरून जर चांदीची की तांब्याची हे कळत नाही, हे दुकानदारांच्या बाजूने सांगितले पाहिजे.)

तरीही काठाची जर उचलून सेन्सरला जोडता येत नाही. तांबे घामाने हिरवे पडते आणि अंगाला लागते. म्हणून अंगालगतच्या कपड्यांत चांदीचा थर दिलेला नायलॉनचा धागा किंवा स्टेनलेस स्टीलच्या तंतूंचा धागा वापरतात. चांदीचा धागा वीज उत्तम वाहून नेतो, पण गंधकाने काळवंडतो, ब्लीचिंगच्या पाण्यात त्याचे नुकसान होते आणि दर धुण्याला थर थोडाथोडा झिजतो. पोलादी धागा धुण्याला दाद देत नाही, मात्र तो ताठ असतो आणि शिलाई यंत्राच्या सुईत कुरकुर करतो. जरीची साडी अधूनमधून घडी मोडून नव्या जागी घालायची, ही घराघरांतली शिस्त पडली आहे, कारण एकाच रेषेवर वारंवार दुमडलेली तार अखेर तुटते. कोपरावर किंवा काखेत वीजवाही धागा नेणाऱ्या अभियंत्याने ही शिस्त आधी शिकून घ्यावी.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे मऊ धागा जिथे कडक पट्टीला, म्हणजे चिप, बॅटरी वगैरे बसवलेल्या भागाला मिळतो तो सांधा. कापड वळते, पट्टी वळत नाही, आणि सगळा ताण त्या एका टाक्यावर येतो. यावर आजवर चाललेला सोपा उपाय टिचबटणाचा आहे: धागा बटणाच्या खालच्या अर्ध्याला शिवायचा, वरचा अर्धा यंत्राच्या डबीला लावायचा, आणि धुण्याआधी डबी काढून ठेवायची. दवाखान्यात ईसीजी काढताना छातीवर लावतात त्या चिकटपट्टीवरही याच जातीचे बटण असते.

आता अंगावर बसण्याचा प्रश्न. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या तंत्रविद्यापीठात सुंदरेसन जयरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली अमेरिकी नौदलाच्या मदतीने जखमी सैनिकांसाठी जो स्मार्ट शर्ट सुरू केला, त्यानंतरचे या प्रकारचे बहुतेक कपडे अंगाला घट्ट बसणाऱ्या बनियनच्या घाटाचे आहेत. त्याचे कारण उघड आहे. त्वचेवर मिळणारा हृदयाचा विद्युतसंकेत जेमतेम एक मिलिव्होल्टच्या घरात असतो. कापड जरा सरकले, किंवा कृत्रिम धाग्याच्या साडीचे घर्षण झाले, की तो संकेत त्या गोंधळात बुडून जातो. पण दांडिया बाजारातली किंवा वाडीतली सत्तरीची आजी घट्ट बनियन घालून बसणार नाही. ती रोज ब्लाउज घालते, आणि ब्लाउजची खालची पट्टी नेमकी तिथेच बसते, जिथे धावपटू ठोके मोजण्याचा पट्टा बांधतात. तोही प्रत्येकीच्या मापाने शिवलेला, पुढून हुक असलेला, आत सुती अस्तर असलेला. इतके तयार असताना संवेदक कपडा बनियनच्याच घाटाचा असावा, असा आग्रह कशासाठी?

अर्थात शिंपी यात लगेच अडचणी दाखवील, आणि त्या खऱ्या आहेत. बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे जास्तीचे कापड, सोडलेली असते. अंग भरले की ती उसवून ब्लाउज सैल करतात. वीजवाही धागा त्या शिवणीतून नेला तर पहिल्याच उसवणीत तुटेल, म्हणून तो खालच्या पट्टीच्या आतून, थोडी नागमोड ठेवून न्यावा लागेल. ब्लाउज रोज बदलतो, तेव्हा डबी एक आणि ब्लाउज पाच-सहा, असा हिशेब धरून कापडावरचा खर्च कमी ठेवावा लागेल. बडोद्याचा मे महिना त्वचेशी संपर्क छान जुळवून देईल, पण खारट घाम शेजारच्या दोन धाग्यांना आपसांत जोडूनही टाकील. डिसेंबरात उलट त्वचा कोरडी पडून संपर्क सुटेल.

धुण्याच्या चाचणीबाबत माझे मत जरा कठोर आहे. घरगुती धुलाईसाठी आयएसओ ६३३० हे आंतरराष्ट्रीय मानक यंत्रातल्या धुलाईवर बेतलेले आहे. आपल्याकडे कपडा बोअरच्या जड पाण्यात भिजतो, त्याला वडीचा साबण लागतो, ब्रश बसतो, तो दगडावर आपटला जातो, पिळला जातो आणि कडक उन्हात वाळतो. या क्रमाने दहा, पंचवीस, पन्नास वेळा धुऊन प्रत्येक टप्प्यावर धाग्याचा विद्युतरोध मोजल्याशिवाय कोणी ‘धुता येण्याजोगा’ असे लेबल लावू नये.

एक मोठे उदाहरण समोर आहेच. लिव्हाय्झ आणि गूगल यांनी मिळून २०१७ मध्ये जॅकार्ड जाकीट ३५० डॉलरला आणले. त्याच्या बाहीवर हात फिरवून फोन चालवता येत असे. २०२३ मध्ये त्याचे ॲप बंद झाले. जाकीट म्हणून ते आजही घालता येते, पण बाही मुकी झाली. ब्लाउजने दिलेली नोंद जवळच्या साध्या फोनवर, कोणत्याही कंपनीच्या सर्व्हरशिवाय वाचता यावी, ही अट म्हणूनच आराखड्यातच हवी; छातीचे ठोके ही खासगी माहिती आहे, हे तर वेगळे सांगायला नको. आणि ब्लाउज फाटल्यावर बोहारणीला देताना त्यात बॅटरी राहता कामा नये, म्हणूनही डबी सुटी हवी.

हे काम बडोद्यात होऊ शकते. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले, तेव्हा त्याची धुरा सांभाळणारे त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते आणि तिथे रंगकाम शिकवले जात असे. त्याच परंपरेतील तंत्रज्ञान विद्याशाखेत आज वस्त्र अभियांत्रिकीचा विभाग आहे, आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठातच कौटुंबिक व सामुदायिक विज्ञान शाखेत वस्त्रप्रावरणांचा विभाग आहे. या दोन्ही विभागांनी विद्युत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन, शहरातील ब्लाउज शिवणाऱ्या दोन-चार कारागिरांना रीतसर मानधन देऊन, पदव्युत्तर प्रकल्पासाठी हाच एक विषय घ्यावा आणि धुलाईच्या चाचणीचे आकडे, चांगले असोत वा वाईट, आपल्यासारख्या दैनिकांतून प्रसिद्ध करावेत, अशी माझी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त वस्त्र-परीक्षक
दांडिया बाजार, बडोदे