ती नखं म्हणजे स्टाईल नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाश्चात्त्य शास्त्रीय गिटारच्या एकल वादनाचा वृत्तान्त कालच्या अंकात वाचला. या वाद्याला आपण जागा दिलीत, त्याबद्दल आभार. पण त्यातल्या निम्म्या ओळी त्या मुलाच्या केसांवर आणि ‘उजव्या हाताच्या वाढवलेल्या नखांच्या स्टाईल’वर खर्च झाल्या, याचा राग आला.

शास्त्रीय गिटार पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या पट्टीने, वाजवत नाहीत. नायलॉनच्या तारेवर बोटाचं टोक आणि नख मिळून आघात करतात. नख किती वाढवायचं, कसं घासायचं, यावर स्वराचा गोडवा ठरतो. डाव्या हाताची नखं मात्र अगदी बारीक ठेवावी लागतात, नाहीतर तार पडद्याशी नीट दाबली जात नाही.

हे मला मुलीमुळे ठाऊक आहे. ती सातवीत असताना शाळेत नखांची तपासणी झाली. तिने दोन्ही हात दाखवून कारण सांगायचा प्रयत्न केला, पण बाईंनी वर्गासमोर तिची नखं कापली. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची गिटारची ग्रेडची परीक्षा त्याच आठवड्यात होती. परीक्षा तिने दिली, पण नंतर कित्येक महिने गिटारला हात लावला नाही. मी मुख्याध्यापकांना भेटले, तर ‘नियम सगळ्यांना सारखे’ एवढंच उत्तर मिळालं. सतारवादकाच्या बोटांवरचे घट्टे आपण रियाजाची खूण म्हणून कौतुकाने सांगतो. मग या मुलांच्या नखांना नावं का ठेवायची?

‘तबल्याची साथ असती तर रंगत वाढली असती’ हे वृत्तान्तातलं मतही पटलं नाही. स्पॅनिश संगीतकार तारेगाच्या ‘अलहम्ब्रा’ राजवाड्यावरच्या रचनेत अनामिका, मधलं बोट आणि तर्जनी एकाच स्वरावर आळीपाळीने इतक्या वेगाने फिरतात की तो स्वर अखंड वाटतो, आणि त्याच वेळी अंगठा खर्जाच्या तारांवर साथ करत असतो. हे सगळं एकाच माणसाने सांभाळायचं, हीच तर या वादनाची खुबी.

‘आवाज मागे पोहोचला नाही’ हे पूर्वार्धापुरतं खरं आहे. मी शेवटच्या रांगेत होते; एसीची घरघर चालू होती. मध्यंतरानंतर तो बंद केला आणि हलका स्वरही स्वच्छ ऐकू आला. तेव्हा त्या मुलाने जर्मन संगीतकार बाखचा ‘शाकोन’ वाजवला. मुळात एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेली ही रचना स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हियाने गिटारवर बसवून १९३५ साली पॅरिसमध्ये सादर केली. आजही ती गिटारवादकाची कसोटी मानतात. वृत्तान्तात तिचा उल्लेखच नाही. उत्तरार्धातल्या एकाही रचनेचा नाही! आपले प्रतिनिधी मध्यंतरातच निघून गेले असतील, तर ‘कार्यक्रम रंगला नाही’ हा निकाल त्यांनी कशावरून दिला? अशा मुलांना कार्यक्रम फार थोडे मिळतात, बरीचशी शिकवण्या घेऊन तग धरतात. पुढच्या आयोजकाला दाखवायला त्यांच्या हातात असलीच कात्रणं असतात.

आणखी एक. आपल्या ‘आज शहरात’ सदरात कार्यक्रमाची वेळ साडेसहाऐवजी साडेसात छापली होती. पूर्वार्ध संपत आला तरी लोक दार ढकलून आत येत होते आणि तो मुलगा वाजवत होता. निदान या चुकीबद्दल दिलगिरीच्या दोन ओळी छापाव्यात.

– एक वाचक, पुणे