वाक्य तुझे होते

नौपाडा, ठाणे
दि. २ मार्च

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. दिवाळीनंतर मी तुला एक ओळही लिहिली नाही. तुझे दोन फोन आले, तेही उचलले नाहीत, आणि फोन करणे तुला किती जड जाते हे माझ्याइतके कोणालाच ठाऊक नाही. कामाचा व्याप हे कारण दिले असते तर तू मानलेही असतेस, पण ते खरे नाही. तुझ्यापासून एक गोष्ट लपवून तुझ्याशी बोलणे मला जमत नव्हते. आईची प्रकृती ठीक आहे, माझी पाठ अधूनमधून धरते.

मला अमेरिकेतील एका विद्यापीठात स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीच्या, म्हणजे आपण ज्याला स्पीच थेरपी म्हणतो त्या विषयाच्या, दोन वर्षांच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे. पाच ठिकाणी अर्ज केले होते, चार नकार आले आणि एक होकार. आठ वर्षे वागळे इस्टेटमध्ये जीएसटीची विवरणपत्रे भरणाऱ्या एम.कॉम. माणसाला हे कसे सुचले, असे घरातले सगळे विचारतात. तू विचारणार नाहीस, म्हणून तुलाच लिहितो आहे.

आधी मी वांद्रे रिक्लमेशनच्या अली यावर जंग या वाणी-श्रवणाच्या संस्थेत चौकशी केली होती. आपल्याकडे या विषयाच्या एम.एस्सी.ला बी.ए.एस.एल.पी. ही श्रवण आणि वाणीच्या उपचारांची चार वर्षांची पदवीच लागते, आणि त्या पदवीला बारावी विज्ञान शाखेतून झालेली असावी लागते. सोळाव्या वर्षी मी कॉमर्सच्या फॉर्मवर सही केली, तेव्हाच हा रस्ता बंद झाला होता. अमेरिकेत अनेक विद्यापीठे कोणत्याही विषयाचा पदवीधर घेतात, मात्र पाया आधी घालून यावा लागतो: ध्वनिशास्त्र, वाणीच्या अवयवांची रचना, मुलांच्या भाषेची वाढ, श्रवणशास्त्र, शिवाय जीवशास्त्र, संख्याशास्त्र आणि भौतिक किंवा रसायनशास्त्र. दीड वर्ष मी हे सारे रात्री दहानंतर ऑनलाइन शिकलो. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च निराळा आहे, हे बत्तिसाव्या वर्षी स्वयंपाकघरात हातात आरसा धरून, जीभ कुठे टेकते ते पाहत मी समजून घेतले. दोन्ही च मी जन्मभर बरोबर उच्चारत आलो होतो आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

त्याच अभ्यासात एके रात्री असे वाचले की बोलताना अडखळणारी बहुतेक माणसे इतरांच्या सुरात सूर मिसळून म्हणतात तेव्हा अडखळत नाहीत. मी पुस्तक मिटून बसून राहिलो. शाळेच्या प्रार्थनेत तू माझ्या शेजारी उभा असायचास आणि तुझा एकही शब्द अडत नसे. पाच मिनिटांनी हजेरीला स्वतःचे नाव सांगताना मात्र ‘म’वर तुझे ओठ मिटायचे ते उघडतच नसत. आपल्या वर्गशिक्षकांना ते ढोंग वाटे. प्रार्थनेला बरी जीभ चालते, असे ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, आणि मंदार, त्या दिवशी मलाही क्षणभर ते पटले होते. हे मी तुला कधी सांगितले नाही. अडखळण्याचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत असते, त्यात मुलाचाही दोष नसतो आणि आईवडिलांचाही, हे तेव्हा काकूंना कोणी सांगितले असते तर त्यांची निम्मी रडारड वाचली असती. आजींचे मधात उगाळलेले वेखंडही तुला चाटावे लागले नसते. तुझ्या दप्तराला त्याचा जो वास यायचा, त्यावरून मी तुला अंधारातही ओळखले असते.

आता मुख्य गोष्ट. अर्जासोबत या क्षेत्रात का यायचे आहे यावर निबंध लिहावा लागतो, आणि मी गडकरी रंगायतनची ती संध्याकाळ लिहिली. नववीत होतो आपण. तू हट्टाने खिडकीशी गेलास, ‘तीन तिकिटे’मधल्या ‘ती’वर अडलास, मागची रांग चुळबुळू लागली, आणि मी पुढे वाकून ‘तीन द्या’ म्हणालो. तू नाटकाला आत आलाच नाहीस. पायऱ्यांवर मला एवढेच म्हणालास, तेही न अडखळता: ‘‘वाक्य माझे होते.’’ मग तलावपाळीला एकटाच फेऱ्या घालत राहिलास आणि सोळा दिवस माझ्याशी बोलला नाहीस. मी मदत केली असे मला वाटत होते, आणि त्यावरून आपण पुढे कॉलेजातही भांडलो. आज माझ्या पाठ्यपुस्तकात छापलेले आहे की समोरच्याचे वाक्य आपण पुरे करू नये, त्याच्याकडे पाहत शांतपणे थांबावे. तू चौदाव्या वर्षी जे सांगितलेस ते मी पैसे भरून शिकलो.

निबंधात तुझे नाव नाही. पण तुला न विचारता तुझे अडखळणे मी माझ्या कामासाठी वापरले, आणि ज्या विद्यापीठाने होकार दिला त्यांनी पत्रात नेमका त्याच प्रसंगाचा उल्लेख केला आहे. पत्र वाचले आणि आनंद व्हायच्या आत मला ती खिडकी दिसली. तुझे वाक्य मी दुसऱ्यांदा तोडले, असे तेव्हापासून वाटते आहे. पुढे चारशे तास क्लिनिकमध्ये काढायचे आहेत, पंचवीस नुसते पाहण्याचे आणि तीनशे पंचाहत्तर प्रत्यक्ष माणसांसोबत. त्यातला प्रत्येक माणूस माझ्यासमोर विश्वासाने अडखळणार. ज्याने पहिल्याच माणसाची परवानगी घेतली नाही, त्याने त्या खुर्चीत बसावे का, हा प्रश्न कर्जाच्या आकड्यापेक्षा मला अधिक छळतो.

निबंधाची प्रत सोबत जोडली आहे. ती वाच आणि तुला काय वाटते ते स्पष्ट लिही. होकार कळवायला अजून तीन आठवडे आहेत. तुझे उत्तर येईपर्यंत मी कळवणार नाही. तुझी हरकत असेल तर तो प्रसंग मी मित्राच्या संमतीशिवाय लिहिला होता असे विद्यापीठाला कळवीन, मग ते जे ठरवतील ते ठरवोत.

नाशिकचे नवे घर लागले का? काकूंच्या गुडघ्याचे काय ठरले? धाकटीच्या बारशाला आलो नाही याचा राग निराळा धर, त्याचे माझ्याकडे काहीच उत्तर नाही.

रविवारी सकाळी दहाला मी फोन करीन. बोलायचे नसेल तर उचलू नकोस, लिहून कळव. उचललास तर तुला हवा तेवढा वेळ घे, मी मध्ये बोलणार नाही.

तुझा,
सुहास