बाहुली कुठल्या बाजूने झिजली?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत छंदांवरचा लेख वाचला. त्यात बाहुल्या जमवणाऱ्यांना सल्ला दिलाय की एकच प्रकार धरा, कापडी तर कापडी, लाकडी तर लाकडी, बाकीच्यांकडे बघूच नका नाहीतर घराचं भंगारचं दुकान होईल. भंगारचं मान्य आहे, आमचे हे पण तेच म्हणतात. पण "बघूच नका" हे काही पटलं नाही म्हणून लिहायला बसले. मी वेंगुर्ल्यात राहते, घरीच ब्लाउज-ड्रेस शिवते आणि वीसेक वर्षं झाली लाकडी बाहुल्या जमवतेय. लोकांना सांगताना "नुसत्या लाकडी हां" असंच सांगते, पण शोकेस उघडलं की खोटं पकडलं जातं.

सुरुवात कुठून झाली ते सांगते. आजोळी देवगडकडे सहाणेशेजारी एक रक्तचंदनाची बाहुली असायची, वीतभरसुद्धा नाही, नाकडोळे जेमतेम कोरलेले. कोणाचा पाय मुरगळला, कुठे सूज आली की आजी सहाणेवर पाण्याचे दोन थेंब टाकायची आणि बाहुलीला उभी धरून पायाकडून उगाळायची, मग तो लाल लेप सुजेवर. आम्हाला खेळायला कधी दिली नाही, औषध आहे ते म्हणायची. मला प्रश्न पडायचा की औषध आहे तर तिला नाकडोळे कशाला केलेत. एकदा चोरून ती पाण्याच्या कळशीत टाकली होती आम्ही, तरंगेल म्हणून, तर लाकूड असून सरळ तळाला गेली आणि बाहेर काढताना मार खाल्ला तो वेगळाच. मी शाळा सोडेपर्यंत तिचे पाय गुडघ्यापर्यंत गेले होते. आजी गेल्यावर मामीने विचारलं तुला काय आठवण पाहिजे, मी ती बाहुली मागितली तर सगळे हसले, एक मावशी तर म्हणाली अगं पाटल्या माग.

तेव्हा कलेक्शन वगैरे काही डोक्यात नव्हतं. लग्नानंतर सावंतवाडीला चितार आळीत जाणं व्हायला लागलं, गौरी-गणपतीच्या खरेदीला म्हणून जायचं आणि हातात लाकडी ठकी, म्हणजे तिथली बाहुली, घेऊन यायचं. तिथली लाकडी फळं सगळ्यांना माहीत आहेत, आंबे केळी सीताफळं, पाहुण्यांना फसवायला टोपलीत ठेवतात ती. मला मात्र ठकीच. पहिली हातात घेतली तेव्हा मनात आलं की ही एवढी हलकी कशी, कारण माझ्या हाताला रक्तचंदनाच्या बाहुलीचं वजन माहीत होतं. चितारी म्हणाले पूर्वी हे सगळं पांगाऱ्याचं करायचे, पांगारा हलका आणि मऊ. आता बघा, पांगारा आम्ही लहानपणापासून बघतोय, लाल फुलं येणारा, काट्यांचा, पण त्याच्यात बाहुली असते हे मला ठकीने सांगितलं. लेख लिहिणाऱ्यांना मला हेच सांगायचंय. एक बाहुली नीट बघितलीत ना की तुम्ही बाहुली बघायचं थांबता आणि लाकूड बघायला लागता, रंग बघायला लागता, हात कुठे जोडलाय ते बघायला लागता, आणि मग ते दुसऱ्या बाहुलीत दिसलं की तिला घरी आणल्याशिवाय राहवत नाही. ह्याला कोणी भरकटणं म्हणत असेल तर म्हणू दे.

आमचा पुतण्या बोटीवर असतो. पहिल्यांदा जपानला गेला तेव्हा काकीला बाहुल्या आवडतात म्हणून काचेच्या पेटीतली रेशमी कपड्यांची बाई घेऊन आला, पांढऱ्याफटक चेहऱ्याची. महाग असणार. मी छान आहे रे म्हटलं पण त्याला कळलं. शिवणकाम करणारी बाई, कपडे बघून खूश होईल असं त्याला वाटलं बिचाऱ्याला, पण दिवसभर कापडच हाताळल्यावर संध्याकाळी परत कापड नको वाटतं. पुढच्या वेळी मी स्पष्ट सांगितलं की लाकडी आण, तर तो म्हणाला, "काकी, इतक्या लांबसून लाकूडच आणूचा? आपल्याकडे काय लाकडाचो दुकाळ पडलो?" पण आणली. कोकेशी म्हणतात तिला. हात नाहीत पाय नाहीत, नुसतं गोल डोकं आणि दंडगोल अंग, त्यावर फुलांच्या चार रेघा. जपानच्या उत्तरेकडे तोहोकू म्हणून भाग आहे तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर आंघोळीला येणाऱ्या लोकांसाठी करायला लागले म्हणे, आपल्याकडे जत्रेतून खेळणं आणतात तसंच. त्यातली नारुकोची जी असते तिची मान फिरवली की कुईं कुईं वाजते. सासूबाईंना ती फार आवडायची, जाता येता मान पिळायच्या.

घरात सगळे म्हणाले हिला तर हातपायच नाहीत, ही कसली बाहुली. मला काही वेगळं वाटलंच नाही, माझ्या पहिल्या बाहुलीला तरी कुठे पाय होते.

नंतर त्याने रशियाची ती एकीच्या पोटात एक असते ती आणली, मात्रयोश्का, माझ्याकडची पाच जणींची आहे. ही काही फार जुनी कला नाही बरं का, १८९० नंतरची आहे, माल्युतिन नावाच्या चित्रकाराने रंगवली आणि झ्व्योझ्दोच्किन नावाच्या कातारी माणसाने लेथवर कातली, पहिला संच आठ जणींचा होता आणि १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात तिला ब्राँझ मेडल मिळालं. आणली मे महिन्यात, तेव्हा मस्त उघडत होती. जुलैमध्ये शेजारची पोरं बघायला आली, मी ऐटीत उघडायला घेतली तर कंबर हलेना. पिळली, आपटली, गुडघ्यात धरली, काही नाही. ह्यांनी पकड आणली, मी नको नको म्हणेपर्यंत तिच्या रुमालावर दोन ओरखडे पडले ते अजून आहेत. मग कोणीतरी म्हणालं तांदळाच्या डब्यात ठेवा. महिनाभर ती तांदळात होती, रोज भाताला तांदूळ काढताना तिचं तोंड दिसायचं. तरी उघडली नाही. ऑक्टोबरचं ऊन पडलं आणि एक दिवस आपोआप टक् करून सैल झाली.

तेव्हा मला कळलं की अरे, आपल्या घरातला कुंकवाचा लाकडी करंडा पण पावसाळ्यात असाच बसतो, देवघराचा खण पण. ही रशियातली, लिंडन नावाच्या मऊ लाकडाची, ते लाकूड तिथे कातण्याआधी वर्षं वर्षं वाळवतात, आणि करताना सगळ्यात धाकटी आधी करतात, जी उघडत नाही ती, मग तिच्या मापाने बाहेरची. म्हणजे ब्लाउजचं अस्तर आधी कापावं आणि मग त्यावर कापड बेतावं तसं झालं. एवढ्या काटेकोर मापाने केलेली बाहुली वेंगुर्ल्याच्या हवेने फुगली. आता दर वर्षी मृगाआधी तिला उघडून पाची जणींना वेगवेगळ्या ओळीत उभ्या करते, अर्ध्या अर्ध्या, बघणाऱ्याला वेड्याचा बाजार वाटतो.

ह्या कंबरेच्या नादाने मग लेथचं वेड लागलं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणाची खेळणी आधीही बघितली होती पण रंगीत प्लास्टिकसारखी दिसतात म्हणून नाक मुरडलं होतं. नंतर कळलं की लेथवर लाकूड फिरत असतानाच रंगीत लाखेची कांडी त्याच्यावर दाबून धरतात, घासून घासून लाख तापते आणि लाकडावर चढते, ब्रश नाहीच. आणि चकाकी कशाने आणतात, तर केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानाने! आमच्या किनाऱ्यावर केवड्याचं रान आहे, मी एक पान आणून करंड्यावर घासून बघितलं, काटे काढायचे राहिले आणि बोट फाडून घेतलं, त्या दिवशीचे ब्लाउज दुसऱ्या दिवशी गेले. लाकूड पण ते आपल्याकडच्या काळ्या कुड्याचं. आंध्रातली एटिकोप्पाकाची खेळणी त्याच कुड्याची. कोंडापल्लीची मात्र वेगळी, तेल्ला पोणिकी नावाच्या हलक्या लाकडाची, हात पाय वेगळे कोरून चिंचोक्याची पूड आणि भुसा कालवून चिकटवतात. चिंचोका म्हटल्यावर मी परत सावंतवाडीत, कारण तिथल्या गंजिफाच्या, म्हणजे जुन्या गोल पत्त्यांच्या, पानांना पण कापडाला चिंचोक्याची खळ देऊनच तयार करायचे. असं फिरून फिरून घरीच येतं हो सगळं.

आता चूक पण सांगते, नाहीतर म्हणाल नुसती मिरवतेय. तंजावरची मान डोलावणारी बाहुली एका ओळखीच्या बाईंनी दिली होती, ती काही लाकडी नाही, आणि तेव्हा मी तुमच्या लेखातल्यासारखीच होते, लाकडी नाही म्हणजे आपली नाही, म्हणून शेजारच्या मुलीला देऊन टाकली. त्या मुलीने ती चार दिवसात फोडली. नंतर पुतण्याने दारुमा दाखवला, तो जपानचा कागदाच्या लगद्याचा लाल बुवा, ज्याचा एक डोळा इच्छा धरताना रंगवतात आणि दुसरा ती पुरी झाल्यावर, कितीही पाडा परत उठून बसतो. तळ जड आणि गोल. तंजावरच्या दुसऱ्या एका प्रकारात हेच तर असतं, ढकललं तरी उभी राहणारी! पण तोवर मी तिथली एकमेव बाहुली घालवून बसले होते. एकच प्रकार धरल्याने हे असं होतं.

आणि बार्बी. लेकीची होती, माळ्यावर पडलेली, मला प्लास्टिकचा राग. झालं काय की कुडाळजवळ पिंगुळीला गेलो होतो, तिथे ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या बघितल्या, परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळाली ते हेच, गोठ्याचं म्युझियम केलंय त्यांनी. कळसूत्री बाहुली नुसती टांगलेली असते तेव्हा मेल्यासारखी दिसते, दोरा उचलला की कोपर आधी हलतं की खांदा आधी हलतो तिथे सगळा जीव आहे. घरी येऊन मी माळ्यावर चढले आणि बार्बीचा गुडघा वाकवून बघितला. हसू नका. १९५९ साली ती बाजारात आली तेव्हा पाय वाकत नव्हते, वाकणारे पाय १९६५ ला आले. टेप लावली तर साडेअकरा इंच, म्हणजे माणसाच्या साधारण सहावा हिस्सा. त्या मापात नऊवारी शिवायला घेतली तर कासोटा बसेना, कारण कापडाची जाडी काही सहा पटीने कमी होत नाही. शेवटी जुन्या ओढणीचा तलम तुकडा घेतला तेव्हा कुठे जमलं. जी बाई संध्याकाळी कापड नको म्हणत होती ती रात्री अकरा वाजता बार्बीच्या निऱ्या घालत बसलेली, आणि तिथवर मला लाकडानेच नेलं.

दिल्लीला एकदा ट्रिपमध्ये शंकर बाहुली संग्रहालय बघितलं, व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ ला सुरू केलेलं. सुंदर आहे, पण देशादेशांची कपाटं लावलीत, त्यामुळे बघणारा पोशाखच बघत पुढे जातो. मी असते तर लेथवरच्या सगळ्या एकत्र ठेवल्या असत्या, कोकेशी, मात्रयोश्का आणि चन्नपट्टण शेजारी शेजारी. लहान तोंडी मोठा घास म्हणा पाहिजे तर.

शेवटचं. इथे बदलीवर आलेल्या एक तमिळ ताई ब्लाउज शिवायला यायच्या. नवरात्रात त्यांच्याकडे गोलू असतो, पायऱ्या करून बाहुल्या मांडतात, मला बोलावलं. वरच्या पायरीवर नवराबायकोची लाकडी जोडी, तिला मरपाची म्हणतात, मुलीच्या लग्नात देतात. ताई म्हणाल्या ह्यांना नवीन कपडे शिवून द्याल का, आणि माप घ्यायला म्हणून ती बाई माझ्या हातात दिली. हातात घेतल्याबरोबर वजन ओळखीचं वाटलं. म्हटलं, हे रक्तचंदन आहे ना? त्या म्हणाल्या हो, तुम्हाला कसं कळलं. मी घरी जाऊन माझी आणून दाखवली, गुडघ्याच्या खाली काहीच नसलेली. त्यांनी ती बराच वेळ धरली आणि विचारलं, हिचे पाय कुठे गेले? मी म्हटलं, माझ्या मामाच्या घोट्याला, दोन मावश्यांच्या गुडघ्याला, एकदा गड्याच्या हाताला. एकच लाकूड, त्यांच्याकडे जरीचे कपडे घालून वरच्या पायरीवर आणि आमच्याकडे सहाणेवर.

तर संपादक साहेब, लेखाबद्दल माझं भांडण एवढंच. आणि पत्र छापलंत तर त्यातच ही विचारणा पण घाला, की जिल्ह्यात कोणाकडे अशी उगाळलेली बाहुली जुन्या देवघरात, औषधाच्या डब्यात राहिली असेल तर टाकू नका आणि ती कुठल्या बाजूने झिजलीय ते आपल्या पेपरला कळवा. आमच्याकडे पायाकडून. सासूबाईंच्या माहेरी म्हणे डोक्याकडून उगाळायचे, पाय देवाच्या पायरीला लागतात म्हणून ते राखायचे. ती बाहुली मी बघितलेली नाही, घर विकलं तेव्हा गेली.

आपली एक वाचक,
वेंगुर्ला