हरल्यावर दुसरा सामना मिळायला हवा

महोदय,

३० नोव्हेंबर २०२५ला अहमदाबादेत आपल्या सतरा वर्षांखालील फुटबॉल संघाने इराणला २-१ असे हरवले आणि २०२६च्या आशियाई चषकात जागा मिळवली. निकाल सर्वांनी वाचला असेल. मला लिहायचे आहे ते पात्रता फेरीतल्या त्या गटाबद्दल.

गटात पाच संघ आणि पुढे जाणार एकच. भारताची पॅलेस्टाईनशी १-१ बरोबरी झाली, चिनी तैपेईवर ३-१ असा विजय मिळाला, मग लेबनॉनकडून ०-२ अशी हार पत्करावी लागली. शेवटचा सामना जिंकलो तरच निभावणार होते. त्यात इराणने पहिला गोल केला. मध्यंतराच्या तोंडावर दलालमुआन गंगटेने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि उत्तरार्धात गुनलैबा वांगखैराकपमने विजयी गोल मारला. लेबनॉनकडून हरलेली हीच पोरे होती. हरल्यावर त्यांच्या हातात आणखी एक सामना होता, प्रशिक्षक बिबियानो फर्नांडिस यांना चुका दुरुस्त करायला वाव होता.

आमच्या नागपुरातल्या शाळकरी मुलांना हा वाव कधी मिळतो? शालेय स्पर्धा भर पावसाळ्यात उरकल्या जातात, त्याही नॉकआऊट पद्धतीने, म्हणजे एकदा हरला की बाद. एका मैदानावर दिवसभरात इतके सामने बसवायचे असतात की वीस-वीस मिनिटांचा खेळ, नाही तर थेट टायब्रेकर, म्हणजे पेनल्टी किकवर निकाल. सकाळी नऊला चिखलात उतरलेला संघ दहाच्या आत बाद होतो. आमचा गोलरक्षक यंदा टायब्रेकरनंतर हातमोजे न काढता कितीतरी वेळ गोलपोस्टला टेकून उभा होता. त्याची चूक काय होती ते मी सांगितले, त्याला ती पटलीही. पण ती सुधारून दाखवायला त्याच्यापुढे या वर्षात एकही सामना नाही. सोळा शाळांच्या स्पर्धेत आठ शाळांचे असेच होते. इकडे आंतरराष्ट्रीय सामन्यात याच वयाची मुले पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटे खेळतात.

पाच शाळांचा एक गट करून प्रत्येकीचा प्रत्येकीशी सामना ठेवला तर एकूण दहा सामने होतात. दर रविवारी दोन सामने, एका संघाला विश्रांती. पाच रविवारांत गट संपतो आणि प्रत्येक मुलाला चार पूर्ण सामने मिळतात. डिसेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडची हवा खेळायला उत्तम असते. पण नेमकी तेव्हाच मैदाने प्रदर्शने आणि लग्नांच्या स्वागत समारंभांना दिलेली असतात, आणि मंडप निघाल्यावर खिळे वेचायचे काम पोरांकडे येते. हे मला अतिशय चुकीचे वाटते.

जवळच्या कामठीत फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो. विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी २००१ मध्ये सुरू केलेले फुटबॉलचे काम नागपुरातलेच. खेळाडूंची वानवा इथे नाही.

हिवाळी अधिवेशनासाठी मंत्रिमंडळ नागपुरात येते. क्रीडामंत्र्यांनी जिल्हा फुटबॉल संघटना, महापालिका आणि शाळांना एकत्र बसवावे आणि रविवारची मैदाने वयोगटांच्या लीगसाठी राखून ठेवावीत. पंचांचे मानधन आणि रुग्णवाहिका यांची सोय झाली तर बाकीचे आम्ही शिक्षक पाहून घेऊ. आणि लीग सुरू झाली तर आपल्या वृत्तपत्राने दर सोमवारी तिचा गुणतक्ता छापावा, ही विनंती.

— एक क्रीडाशिक्षक, कामठी रोड, नागपूर