सासूबाई उंबऱ्यावर असताना भरलेला फॉर्म

संपादक महोदय,

गरीब वस्तीतल्या लहान मुलांच्या आयांना 'किती आधार वाटतो' हे मोजायला अनेकदा मानसशास्त्रज्ञ झिमेट व सहकाऱ्यांची १९८८ सालची १२ विधानांची प्रश्नावली वापरतात. कुटुंब, मित्रमंडळी आणि 'खास व्यक्ती' यांवर प्रत्येकी ४ विधाने, उत्तरे १ (अजिबात पटत नाही) ते ७ (पूर्ण पटते). घोळ भाषांतरात होतो. 'खास व्यक्ती' म्हटले की बाई लाजते, नाहीतर 'नवराच की' म्हणते. म्हणजे कुटुंबाचेच गुण दोनदा मोजले जातात. 'मैत्रीण' म्हणजे शेजारीण, जाऊ की बचत गटातली बाई, हे आधी ठरवा. सात पर्याय नुसते वाचून दाखवले तर शेवटचाच लक्षात राहतो. त्यापेक्षा सात वाट्या मांडाव्यात, तिला खडा टाकू द्यावा. सासूबाई उंबऱ्यावर बसल्या असतील तर कुटुंबाला सरसकट ७ पडतात. अशा फॉर्मवर खूण करा, आणि जमल्यास अंगणवाडीत एकटीला पुन्हा विचारा.

आणखी एक. 'रात्री बाळाला ताप आला तर कुणाला उठवाल?' हा वाटणारा आधार. 'गेल्या महिन्यात कुणाला उठवलंत?' हा मिळालेला. दोन्ही एकाच रकान्यात भरू नयेत.

– काही सर्वेक्षक